बीपीच्या तीन गोळ्या आणि रात्री अडकणारा श्वास: सिंहगड रोडवरच्या एका काकूंची केस

मी पुण्यात घरी जाऊन स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन मोजणारी टेस्ट, लावते, आणि ज्यांना सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवा देणारं) लागतं त्यांना मास्क बसवून देणं, शिकवणं, नंतर पाठपुरावा करणं हेही माझंच काम. मी डॉक्टर नाही, निदान आणि औषधं डॉक्टरांची. ही केस लिहायला घरच्यांनी परवानगी दिलीये, नाव आणि ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात. बायकांमधला स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा आजार, सापडायला फार उशीर होतो, आणि तो उशीर कुठे कुठे होत जातो हे या केसमध्ये इतकं स्पष्ट दिसतं की लिहून ठेवायलाच हवं असं वाटलं.

पार्श्वभूमी

त्यांना सुमनकाकू म्हणू. वय ५६, सिंहगड रोडला धायरीच्या अलीकडे स्वतःचं पोळीभाजी केंद्र. पहाटे साडेचारला उठायचं, पीजीमधल्या मुलांचे डबे, हिंजवडीला जाणाऱ्यांच्या पोळ्या, मदतीला दोन बायका पण कणीक आणि तवा काकूंच्याच हातात. काका एका कारखान्यात प्रेस शॉपला होते, आयुष्यभर तो आवाज ऐकून दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, दिवसा कानातलं मशीन लावतात, झोपताना काढून डबीत ठेवतात. एकच मुलगी, लग्न होऊन साताऱ्याला.

काकूंना आठ वर्षांपासून बीपी. टेल्मिसार्टन, अ‍ॅम्लोडिपिन आणि नंतर वाढवलेली क्लोरथॅलिडोन, तिन्ही गोळ्या नियमित, एकही चुकवत नाहीत, आणि तरी क्लिनिकमध्ये बीपी १५६/९८. शुगरला मेटफॉर्मिन, तीन महिन्यांची सरासरी म्हणजे एचबीएवनसी ७.८. उंची जेमतेम पाच फूट, वजन ७८ किलो, म्हणजे बीएमआय ३४ च्या आत-बाहेर. पाळी पाच वर्षांपूर्वी गेलेली. गुडघे दुखतात, ऑपरेशन करा असं एकदा सांगून झालेलं.

अडचण काय होती

सकाळी उठल्यावर डोकं जड, कपाळावर दगड ठेवल्यासारखं, नऊ-दहापर्यंत आपोआप कमी व्हायचं. त्यासाठी चष्म्याचा नंबर बदलून झाला. रात्री चार वेळा लघवीला उठायचं, त्यासाठी लघवीची तपासणी झाली, पोटाची सोनोग्राफी झाली, शुगरमुळे असेल म्हणून सोडून दिलं. झोप सारखी मोडते म्हणून क्लोनाझेपामची अर्धी गोळी सुरू झाली आणि मग ती सुरूच राहिली. थकवा आहे म्हणून थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२, सगळं बघितलं, सगळं ठीक. चिडचिड होते, नावं आठवत नाहीत, उधारी कुणाची किती ते विसरायला होतं, तर पाळी गेल्यावर असं होतंच, हे उत्तर तयारच असतं आणि ते घरातल्या बायकांनीच आधी दिलं.

यातली एकेक तक्रार एकेका ठिकाणी सांगितली गेली. डोळ्यांच्या डॉक्टरांना डोकेदुखी, फॅमिली डॉक्टरांना झोप, सोनोग्राफीवाल्यांना लघवी. सगळ्या एका कागदावर खाली खाली लिहिल्या असत्या तर कुणालाही शंका आली असती.

घोरण्याचं कुणी विचारलंच नाही असं नाही, विचारलं होतं. काकू म्हणाल्या, नाही बाई, मी कुठे घोरते, आणि काका म्हणाले मला तर काही ऐकू आलं नाही कधी. दोघंही खरंच बोलत होते.

मग एक दिवस सकाळी पोळ्या भाजताना उभ्या उभ्या डोळा लागला आणि डावं मनगट तव्याच्या कडेला टेकलं. चांगलं दोन बोटं रुंद भाजलं. घरी सांगताना काकूंनी चक्कर आली असं सांगितलं, कारण काम करताना झोप लागली हे सांगायला त्यांना लाज वाटली. त्यामुळे ईसीजी झाला, चक्करेची गोळी मिळाली, आणि झोपेचा विषय परत मागे पडला.

पहिला निर्णय: स्कोअर कमी आला, पुढे काय?

शुगरच्या तपासणीला गेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी मात्र तीन गोळ्यांवरही बीपी का उतरत नाही हा प्रश्न धरला. तीन वेगवेगळ्या प्रकारच्या गोळ्या, त्यात एक लघवी वाढवणारी, पुरेशा डोसमध्ये, आणि तरी बीपी वरच, याला रेझिस्टंट हायपरटेन्शन म्हणतात, आणि त्यामागच्या नेहमीच्या कारणांत स्लीप अ‍ॅप्निया अगदी वरच्या नंबरला आहे. त्यांनी स्टॉप-बँग नावाची आठ प्रश्नांची यादी भरून घेतली. घोरणं, दिवसा थकवा, झोपेत श्वास थांबताना कुणी पाहिलंय का, बीपी, बीएमआय ३५ च्या वर, वय ५० च्या वर, मानेचा घेर, आणि पुरुष आहात का. होय असेल त्याला एक मार्क. काकूंना मिळाले तीन: थकवा, बीपी, वय. तीन-चार म्हणजे मध्यम धोका, पाचपासून पुढे जास्त.

आता हे नीट बघा. घोरणं आणि श्वास थांबणं हे दोन प्रश्न शेजारी झोपणाऱ्याच्या साक्षीवर चालतात आणि इथे साक्षीदाराच्या कानात रात्री मशीनच नसतं. बाई असल्याचा एक मार्क आधीच गेला. बीएमआय ३५ ची रेष आपल्याकडच्या शरीराला फार वर आहे, आपल्या लोकांचा जबडा आणि घशाची ठेवण अशी असते की त्याहून कमी वजनातही त्रास होतो. तीन मार्क हे धोका कमी असल्यामुळे आले नव्हते, माहिती कमी होती म्हणून आले होते.

दुसरी यादी एपवर्थची. टीव्ही बघताना, वाचताना, जेवल्यावर निवांत बसल्यावर, गाडीत बसल्यावर किती झोप येते असे आठ प्रसंग, प्रत्येकाला शून्य ते तीन, एकूण २४, दहाच्या वर म्हणजे जास्त. काकूंचा आला सात. त्यांचं म्हणणं, मी बसते कधी गं? वाचायला वेळ नाही, टीव्ही कणीक मळताना ऐकायचा, गाडीने तासभर कुठे जायचंच नाही. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या बाईला हे प्रश्न लागूच पडत नाहीत. पोळी लाटताना डोळा लागतो का, हा प्रश्न त्यात नाही.

डॉक्टरांनी टेस्ट करून घ्या असं सांगितलं, पण निकड आहे असं घरी कुणाला वाटलं नाही. मुलगी बाळंतपणाला येणार होती, ते झाल्यावर बघू म्हणून चिठ्ठी फाइलमध्ये गेली.

साक्षीदार मिळाला

मुलगी माहेरी आली, बाळ झालं, आणि माय-लेकी एकाच खोलीत झोपायला लागल्या. बाळ रात्री दर दोन-अडीच तासांनी उठणार, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच काकूंच्या शेजारी कुणीतरी रात्रभर जागं होतं. तिसऱ्या-चौथ्या रात्री बाळाला पाजताना तिच्या लक्षात आलं की आईचं घोरणं मधेच बंद पडतं आणि बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. तिने मोबाइलवर शूटिंग केलं. मी तो व्हिडिओ बघितलाय: छाती-पोट हलतंय, जोर लावतंय, पण हवेचा आवाज नाही, मग एकदम हिसका देऊन घुसमटल्यासारखा मोठा श्वास, कूस बदलली, आणि परत पहिल्यापासून. छाती हलत असून हवा आत जात नाही म्हणजे रस्ता घशात बंद झालाय. फुफ्फुसाच्या डॉक्टरांना तो व्हिडिओ दाखवला तेव्हा त्यांनी दुसरं काही विचारायच्या आधी टेस्ट लिहून दिली. स्टॉप-बँगचा स्कोअर एका रात्रीत तीनवरून पाचवर गेला आणि काकू होत्या तशाच होत्या.

टेस्ट कुठे करायची?

दोन पर्याय होते. हॉस्पिटलच्या स्लीप लॅबमध्ये एक रात्र राहायचं, तिथे मेंदूच्या लहरी, डोळ्यांची-पायांची हालचाल सगळं रेकॉर्ड होतं, टेक्निशियन रात्रभर समोर असतो. किंवा घरी, छातीला एक पट्टा, नाकाखाली बारीक नळी, बोटाला सेन्सर, एवढंच. घरच्या टेस्टमध्ये मेंदूच्या लहरी नसतात, त्यामुळे माणूस नक्की किती वेळ झोपला हे कळत नाही, आणि जागं राहिलेला वेळही हिशोबात धरला जातो म्हणून आजार आहे त्यापेक्षा थोडा कमी दिसू शकतो. हार्ट फेल्युअर, सीओपीडी म्हणजे फुफ्फुसांचा जुनाट आजार, असं काही असेल तर लॅबच बरी. काकूंना तसलं काही नव्हतं, शंका दाट होती, आणि बाळ-बाळंतीण सोडून त्या कुठेही राहायला जाणार नव्हत्या. डॉक्टरांनी घरची टेस्ट चालेल म्हटलं. मला विचाराल तर हा निर्णय अगदी बरोबर होता, लॅबच्या हट्टापायी ही टेस्ट अजून सहा महिने लांबली असती.

संध्याकाळी मी पट्टा लावायला गेले तेव्हा त्यांचा एकच प्रश्न, बाळा, हे लावून पहाटे कणकेला हात लावता येईल ना? म्हटलं उठलात की काढून ठेवा, मी येऊन घेऊन जाते.

रिपोर्ट: एएचआय ३८. म्हणजे तासाला ३८ वेळा श्वास निदान दहा सेकंद थांबला किंवा बराच उथळ झाला. पाचच्या खाली नॉर्मल, पाच ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या पुढे तीव्र. सगळ्यात लांब थांबा ५४ सेकंदांचा. ऑक्सिजन खाली ७१ पर्यंत गेलेला. कोविडमध्ये घरोघरी ऑक्सिमीटर आले, ९४ च्या खाली आकडा गेला की आपण बेडसाठी फोनाफोनी करायचो, आणि इथे काकूंचा आकडा रोज रात्री ७०-८० च्या घरात फेऱ्या मारत होता.

शरीरात काय चाललं होतं

झोप लागली की जीभ, टाळू, घसा यांचे स्नायू सैल पडतात, हे सगळ्यांचंच होतं. ज्यांचा रस्ता मुळात अरुंद किंवा आजूबाजूला चरबी आहे त्यांचा तो मिटतो. पाळी चालू असताना प्रोजेस्टेरॉन श्वासाला आणि या स्नायूंना थोडी मदत करत असतं, पाळी गेली की ती मदत जाते, म्हणून पन्नाशीनंतर बायकांमध्ये हे प्रमाण वाढतं. श्वास अडला की ऑक्सिजन उतरतो, मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, अ‍ॅड्रिनलिन सुटतं, बीपी उसळतं, क्षणभर जाग येते, श्वास सुरू होतो. सकाळी यातलं काहीच आठवत नाही. रात्री बीपी दिवसापेक्षा दहा ते वीस टक्के खाली यायला हवं, ते येत नाही, आणि हळूहळू दिवसाचंही वरच राहतं. तेच अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल शुगर वाढवतात. बंद घशावर छाती जोर लावते तेव्हा हृदयाच्या कप्प्यांवर ताण येतो, हृदयाला वाटतं रक्त जास्त झालंय, ते लघवी वाढवणारं हार्मोन सोडतं. रात्री चार वेळा उठणं मूत्राशयातून आलेलंच नव्हतं. डोकेदुखी रात्रभर साठलेल्या कार्बन डायऑक्साइडची आणि तुटलेल्या झोपेची. आणि क्लोनाझेपाम आधीच सैल पडणारा घसा आणखी सैल करू शकतं, शिवाय मेंदूला जाग यायलाही उशीर होतो.

हे सगळं मी मुलीला समजावत होते तर काकू मधेच म्हणाल्या, म्हणजे एवढ्या गोळ्या खाते त्याचं मूळ एकच?

तेवढंही सरळ नाही. बीपी-शुगर वयाने, वजनाने, घराण्यानेही येतात. पण त्या हटत का नव्हत्या याचं उत्तर बऱ्यापैकी इथे होतं.

कोणते पर्याय तोलले

वजन कमी करणं, ते तर करायचंच होतं, पण एएचआय ३८ असताना वर्षभर फक्त वजनाची वाट बघणं डॉक्टरांना पटलं नाही. हल्ली वजनाची इंजेक्शनं आली आहेत, टिर्झेपॅटाइडला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासोबतच्या मध्यम आणि तीव्र स्लीप अ‍ॅप्नियासाठी मान्यता मिळाली. खर्च ऐकून घरच्यांनी तो विषय तूर्त बाजूला ठेवला.

ऑपरेशनसाठी कान-नाक-घसावाल्यांना दाखवलं. टॉन्सिल मोठे नाहीत, नाकाचं हाड किंचित वाकडं, त्यांनीच सांगितलं की आधी मशीन वापरून बघा.

खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं दातांचं उपकरण हा एक चांगला पर्याय असतो, पण तो मुख्यतः सौम्य-मध्यम आजारात, आणि त्याला धरायला दात लागतात. काकूंच्या खालच्या दाढा काढलेल्या.

कुशीवर झोपणं: उताणं असताना एएचआय ५० च्या वर होता, कुशीवर विसाच्या आसपास. फायदा होता, पण पुरेसा नव्हता.

उरलं सीपॅप, म्हणजे मास्कमधून थोड्या दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवायचा. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी हे पहिल्यांदा मांडलं आणि तीव्र आजारात आजही पहिला उपाय हाच आहे. दाब आपोआप कमी-जास्त करणाऱ्या नवीन ऑटो मशीनचं कोटेशन पन्नास हजारांच्या पुढे आलं, त्यांच्या मेडिक्लेमने मशीनला नाही म्हटलं, काका म्हणाले एफडी मोडतो. मी त्यांना थांबवलं. आधी महिनाभर भाड्याने घ्या, जमलं तर विकत घ्या. हे मी सगळ्यांनाच सांगते, कारण कपाटावर धूळ खात पडलेली मशिनं मी या शहरात भरपूर बघितली आहेत.

काय केलं, आणि कुठे अडलं

पहिला आठवडा वाईट गेला. नाकाचा मास्क लावला तर तोंड उघडं पडायचं आणि हवा तोंडातून जायची, सकाळी घसा कोरडाठाक. रात्री चेहऱ्याला खोबरेल लावायची सवय, त्यामुळे मास्कची सिलिकॉनची कड घसरायची. त्यात नाकात चमकी, मास्कची कड बरोबर तिच्यावर टेकायची, टोचायचं, हवा सुटायची. चमकी काढा असं कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं आणि काकूंनी त्याच दिवशी मशीन बंद करून धान्याच्या डब्यावर ठेवून दिलं. मोबाइलवर डेटा दिसत होता, सरासरी वापर रात्रीला पावणेदोन तास, मग शून्य, शून्य, शून्य. तेवढ्यात मुलगीही बाळाला घेऊन साताऱ्याला परतली.

या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा माझ्या मते हाच. इथे फाइलवर पेशंट तयार नाही असं लिहून मशीन परत नेणं अगदी सोपं असतं, आणि बऱ्याचदा तसंच होतं. पण काकूंचा नकार उपचाराला नव्हता. नवरा हयात असताना चमकी काढायला सांगणाऱ्या परक्या माणसाला तो नकार होता.

मी नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क घेऊन गेले. त्याची कड नाकपुडीपासून लांब, गालावर बसते, चमकी आत मोकळी राहते, आणि तोंड उघडलं तरी हवा सुटत नाही. खोबरेल सकाळी अंघोळीआधी लावायचं ठरलं. मास्कची भीती जावी म्हणून संध्याकाळी सात वाजता, सगळे डबे गेल्यावर, मशीन चालू करून मास्क लावून नुसतं टीव्हीसमोर बसायचं, आधी दहा मिनिटं मग अर्धा तास, झोपायचं नाही. डॉक्टरांशी बोलून सुरुवातीचा दाब कमी ठेवला आणि तो हळूहळू चढेल असं सेट केलं.

आणि काकांना काम दिलं. रोज सकाळी मास्कची गादी बाळाच्या साबणाने धुवायची, मशीनची हवा ओलसर करणाऱ्या टाकीतलं पाणी ओतून टाकायचं, रात्री मेडिकलमधून आणलेलं डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंत भरायचं. मशीनचा आवाज त्यांना ऐकू येत नाही, पण हिरवा दिवा दिसतो. लघवीला उठले की दिवा बघतात, मास्क निघाला असेल तर खांद्याला हात लावून काकूंना जागं करतात. त्यांनी वहीत तारखा घालून टिकमार्क करायला सुरुवात केली, हे मी सांगितलं नव्हतं.

डिसेंबरमध्ये थंडी वाढली तेव्हा नळीत पाणी साठून नाकावर थेंब यायला लागले. ओलाव्याची सेटिंग एक पायरी खाली आणली, नळीला जुन्या स्वेटरची बाही शिवून घातली, थांबलं.

काय झालं

लघवीला उठणं पहिल्याच आठवड्यात चारवरून एकदा-दोनदावर आलं, काकूंना विश्वास बसला तो यावर, आकड्यांवर नाही. सकाळची डोकेदुखी पंधरा दिवसांत गेली. तीन महिन्यांनी वापर रात्रीला साडेपाच तासांच्या आसपास, मशीनवरचा एएचआय चारच्या खाली. बीपी १३४/८४ झालं, डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिनचा डोस निम्मा केला. क्लोनाझेपाम एकदम बंद केलं नाही, ते तसं करायचंही नसतं, हळूहळू कमी करत दीड-दोन महिन्यांत थांबवलं.

शुगर ७.८ ची ७.५ झाली, म्हणजे फारसा फरक नाही, आणि सीपॅपने शुगर हमखास उतरते असं अभ्यासांतूनही दिसत नाही. वजन तर एक किलो वाढलंच. बीपीबद्दलही स्पष्ट सांगायला हवं, सीपॅपने सरासरी फरक दोन-तीन पॉइंटचाच पडतो, रेझिस्टंट हायपरटेन्शनवाल्यांना जरा जास्त, आणि काकूंसारखा फरक प्रत्येकाला दिसेलच असं नाही. २०१६ मध्ये सेव्ह नावाचा मोठा अभ्यास आला, हृदयविकार किंवा स्ट्रोक आधीच झालेले २७०० पेक्षा जास्त लोक त्यात होते, सीपॅपने पुढचे हार्ट अटॅक-स्ट्रोक कमी झालेले दिसले नाहीत. पण त्या लोकांचा सरासरी वापर रात्रीला ३.३ तासच होता. म्हणूनच मी तासांच्या मागे लागते.

परत अशी केस आली तर

बीपीची तिसरी गोळी लिहिली जाते त्या दिवशीच झोपेचा प्रश्न विचारला जावा. आणि तो नुसता घोरता का असा नको. सकाळी डोकं कसं असतं, रात्री किती वेळा उठता, काम करताना डोळा लागतो का, शेजारी कोण झोपतं आणि त्याला ऐकू येतं का. बाई एकटी झोपत असेल तर मोबाइल उशाशी ठेवून रात्रभर आवाज रेकॉर्ड करता येतो, त्याने निदान होत नाही पण टेस्ट लवकर होते. झोपेची गोळी सुरू करायच्या आधी तर हे विचारायलाच हवं. काकूंच्या बाबतीत स्कोअर तीन आला तिथे थांबायला नको होतं, टेस्ट तेव्हाच झाली असती तर चार-पाच महिने वाचले असते. आणि मास्क पहिल्याच दिवशी चेहरा, दात, नाकातलं-कानातलं, केसांचा अंबाडा बघून निवडायला हवा, ट्रेमध्ये जो येतो तो नाही.

आता गुडघ्याच्या ऑपरेशनचं परत बोलणं चाललंय. भूल आणि नंतरच्या वेदनाशामक औषधांनी घसा आणखी सैल पडतो, त्यामुळे भूलतज्ज्ञांना अ‍ॅप्निया आहे हे आधी कळायला हवं आणि मशीन हॉस्पिटलमध्ये सोबत न्यायला हवं. स्टडीचा रिपोर्ट, मास्कचा साइज आणि दाबाचं सेटिंग एका पानावर लिहून मी फाइलमध्ये सगळ्यात वर लावून दिलंय, आणि त्याची एक झेरॉक्स काकांच्या वहीत आहे.